पातेऱ्यातला ताप

फेब्रुवारी उजाडला की दोडामार्ग-सावंतवाडीकडे काजूची बी पडू लागते. सकाळी लवकर बागेत जायचं, झाडाखाली कमरेत वाकून बोंडू उचलायचा, बी मुरगळून वेगळी करायची आणि टोपलीत टाकायची. हात सतत सुक्या पानांत. याच पानांना कोकणात पातेरा म्हणतात. तो गोठ्यात गुरांखाली अंथरायला लागतो, तरवा, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजायला लागतो. बायका त्याचे भारेच्या भारे डोक्यावरून घरी आणतात. आणि नेमक्या याच महिन्यांत या पातेऱ्यात तिळाहूनही लहान गोचिडी दबा धरून बसलेल्या असतात. त्या चावल्याने येतो तो माकडताप.

नावामुळे बिचारं माकड बदनाम झालं. 1957 साली कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शास्त्रज्ञ तिथे पोहोचले. आधी संशय होता पीतज्वराचा. हाती लागला तो मात्र नवाच विषाणू, रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंचा भाऊबंद. मग सैबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांनी तो आणला असेल का, अशी शंका निघाली. ती तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने मदत केली आणि पक्षीतज्ज्ञ सालीम अली यांच्या पुढाकाराने पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचं मोठं काम सुरू झालं. पक्ष्यांवरचा आळ सिद्ध झाला नाही, पण त्यांच्या स्थलांतराबद्दल पुष्कळ माहिती हाती आली.

मग हा आजार नेमका त्याच वर्षांत का उसळला? जॉर्ज बोशेल या शास्त्रज्ञाने 1969 मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला आजही सर्वांत पटतं. विषाणू जंगलात आधीपासून होताच. उंदीर, चिचुंद्री, गोचीड यांच्यात गुपचूप फिरत होता. माणसाने रान तोडून भाताची खाचरं केली आणि उरलेल्या रानात गुरं चरायला सोडली. मोठ्या गोचिडीला रक्त हवं असतं मोठ्या जनावराचं. घनदाट रानात असं जनावर क्वचित भेटतं. इथे रोज शंभर गुरं दारात चालून आली. गुरांना हा ताप येत नाही, पण त्यांच्या रक्तावर गोचिडी मात्र बेसुमार पोसल्या.

गोचिडीच्या आयुष्याचं वेळापत्रक पावसाशी बांधलेलं आहे. पावसाळ्यात माद्या जनावरांवर पोसतात, खाली पडतात आणि पानांखाली अंडी घालतात. पाऊस सरला की अंड्यांतून बारीक पिल्लं निघतात. ती आजारी उंदराचं किंवा माकडाचं रक्त प्यायली की विषाणू त्यांच्या अंगात शिरतो आणि कात टाकल्यावरही टिकतो. डिसेंबर ते मे या काळात ही अर्धवाढ झालेली गोचीड पुढच्या रक्ताच्या शोधात निघते, आणि काजू, सरपण, पातेरा यांसाठी माणूस रानात जातो तोही तेव्हाच. कर्नाटकात रुग्णांची पाहणी केली तेव्हा घराच्या आवारात सुक्या पानांचा ढीग असणं हेही धोक्याचं ठरलं. म्हणजे रानात पाऊल न टाकणाऱ्या आजीलाही गोचीड घरबसल्या गाठू शकते.

कित्येक वर्षं हा ताप शिवमोगा आणि लगतच्या भागातच राहिला. 2012 नंतर मात्र तो सह्याद्रीच्या कण्याने दोन्हीकडे सरकलेला दिसला: बंदीपूर, वायनाड, 2015 मध्ये गोव्याचा सत्तरी तालुका, 2016 मध्ये दोडामार्ग. काजू वेचायला गेलेली धडधाकट माणसं अचानक हुडहुडी, असह्य डोकेदुखी आणि अंगदुखीने आडवी झाली. काहींना नाकातोंडातून रक्त येतं. काहींना ताप उतरून आठवडा-दोन आठवडे झाले की तो पुन्हा उलटतो, या खेपेला मेंदूवर. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. नेमकं औषध नाही. जुन्या लशीचा गुण पुरेसा येईना, म्हणून कर्नाटकाने तिचा वापर थांबवला. दिलासा एवढाच की माणसापासून माणसाला हा ताप लागत नाही.

म्हणून रानात मेलेलं माकड दिसलं की ते उचलून पुरायला जाऊ नये. आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावं. माकड थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पातेऱ्यात पसरतात, आणि त्यातल्या बऱ्याच विषाणू घेऊन उतरलेल्या असतात. आरोग्य कर्मचारी सभोवती पन्नास मीटरपर्यंत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारतात. तोवर त्या जागेवरचा बोंडू कुणी उचलायचा नाही, गुरंही तिकडे वळवायची नाहीत.