ऊन दिलं की फुगलेली शीट बसते? ओएसबी नाही बसत!

लाकडी फ्रेमचं घर बांधताना पावसात भिंतीची शीट फुगली की पणजी काय नि म्हापसा काय, एकच सल्ला, चार दिवस ऊन लागू दे, परत बसेल. प्लायचं बऱ्यापैकी खरंय, पण ओएसबी, म्हणजे ओरिएंटेड स्ट्रँड बोर्डात लाकडाचे कपचे रेझिन लावून गरम प्रेसखाली दाबलेले असतात, पाणी लागलं की तो दाब सुटतो आणि सुकल्यावरही कडेवर बोट फिरवलं की उंचवटा लागतोच. म्हणून लगेच फेकू नका हो! आधी नीट सुकवा, मॉइश्चर मीटरवर लाकडातली ओल १९ टक्क्यांच्या खाली आली की कडा घासून घ्या, स्क्रूड्रायव्हर सहज आत घुसत असेल तरच शीट बदला. आणि प्लीज, आपल्या जूनच्या दमट हवेत ओल्या शीटवर क्लॅडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) मारू नका, ओल आतच कोंडते आणि लाकूड कुजतं.