बरड जमीन (खानदेश)

बरड जमीन : टेकड्यांच्या माथ्यावर, डोंगरउतारावर आणि माळावर आढळणारी उथळ, मुरमाड व झपाट्याने निचरा होणारी जमीन. खानदेशात, म्हणजे धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांत, तिला हलकी जमीन, मुरमाड वावर किंवा नुसते माळ असेही म्हणतात. खडक किंवा घट्ट मुरूम ५० सेंमी.च्या आत लागला, तर मृदाशास्त्र त्या जमिनीला उथळ म्हणते, २५ सेंमी.च्या आत लागला, तर अतिउथळ. शेतकऱ्याला त्यासाठी मोजपट्टी लागत नाही. नांगराचा फाळ दगडावर खरडला की खोली कळते.

खानदेशाच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे आणि मध्ये तापीचे खोरे आहे. तापीकाठची काळी जमीन कापूस-केळीमुळे सर्वांना माहीत आहे. बरड पट्टा मात्र साक्री, शिंदखेडा, धुळे, पारोळा, चाळीसगाव अशा तालुक्यांच्या टेकड्यांवर पसरलेला असूनही त्याच्याविषयी फार कमी लिहिले जाते. यातील बराच भाग पर्जन्यछायेत येतो. पाऊस साधारण ५०० ते ७०० मिमी., तोही जून ते सप्टेंबरमध्ये आणि मोठ्या खंडांसह.

उथळ, निचऱ्याच्या डोंगरी जमिनी जगात पुष्कळ ठिकाणी आहेत; पण त्यांचा स्वभाव खालचा खडक ठरवतो. पूर्व राजस्थानातील करौली-धौलपूरकडच्या टेकड्या वालुकाश्माच्या आहेत. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, कण एकमेकांना चिकटून झालेला खडक. तो झिजला की वाळूच मिळते. गार सहसा विरघळत नाही आणि तिच्यातून पिकाला पोषण मिळत नाही. पाणी कणांमधल्या मोकळ्या जागेतून सरळ खाली उतरते आणि जाताना जे थोडे अन्नद्रव्य असेल तेही घेऊन जाते. सातपुडा नाव एकच असले, तरी मध्य प्रदेशात पचमढीला तो वालुकाश्माचा आहे आणि तोरणमाळला काळ्या बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाचा. खानदेशातील बरड जमीन या बेसॉल्टची लेक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून हा दख्खनचा पाषाण तयार झाला. त्यातील खनिजांत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते आणि त्यांच्या झिजेतून फुगणारी, ओलावा धरणारी चिकणमाती तयार होते. म्हणून खानदेशी बरड मातीत, मूठभर का होईना, जी बारीक माती आहे ती कसदार असते. उणीव आहे ती खोलीची. हा फरक न ओळखता दोन्ही जमिनींना सरसकट ‘निकृष्ट’ म्हणणे चुकीचे आहे.

पाण्याचा वेगळेपणाही इथेच कळतो. वालुकाश्मात पाणी कणांमधून झिरपते, तर बेसॉल्टमध्ये ते मुरमातून, भेगांतून आणि सांध्यांतून वाट काढते. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा थर असतो. तिथे पाणी अडते आणि डोंगराच्या कुशीत झरा फुटतो. जळगाव परिसरात याच खडकाच्या पोकळ्यांत पांढरे-हिरवट स्फटिक वाढलेले सापडतात आणि ते जगभरच्या संग्रहालयांत पोचले आहेत. धुळे-नंदुरबारकडे भिंतीसारखे उभे पाषाण मैलोन्‌मैल धावताना दिसतात. जमिनीच्या भेगांतून वर चढलेला लाव्हा तिथेच थिजून ते तयार झाले. अशी भिंत भूजलाचा प्रवाह अडवू शकते, त्यामुळे तिच्या दोन बाजूंच्या विहिरी एकाच वर्षी वेगवेगळ्या वागतात.

एका उताराने चालत आले, तरी सगळा क्रम डोळ्यांना दिसतो. माथ्यावर उघडा खडक आणि त्याच्या फटींत गवत, मग तांबूस-तपकिरी, गोट्यांनी भरलेली वीतभर माती, खाली आल्यावर मध्यम जमीन आणि नाल्याच्या कडेला काळी, भेगा पडणारी. खडक सगळीकडे एकच; वरची बारीक माती पावसाने खाली नेली, म्हणून वर बरड उरली आणि खाली काळी साचली. ही धूप अजून चालूच आहे. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि उतारावर आडव्याऐवजी उभी नांगरट केली, तर ती थोड्याच पावसाळ्यांत वाहून जाते.

निचरा हा या जमिनीचा गुण आणि दोषही. पाऊस थांबल्यावर बरड जमीन लवकर वाफशावर, म्हणजे मशागतीजोग्या ओलीवर, येते, त्यामुळे पेरणी-कोळपणी करता येते. काळ्या रानात तेव्हा पाय टाकता येत नाही. अतिवृष्टीच्या वर्षी काळीतला कापूस मुळाशी पाणी साचून पिवळा पडतो आणि बरडावरचा तरारून उभा राहतो. पावसाने ओढ दिली की हे चित्र उलटते. ३० सेंमी. खोल जमिनीत पिकाला उपयोगी पडेल असे पाणी फार तर ४० ते ४५ मिमी. मावते, गोटे जास्त असतील तर त्याहून कमी. पीक दिवसाला ४-५ मिमी. पाणी घेते. म्हणजे आठ-दहा दिवसांत साठा संपतो. पंधरा दिवसांचा खंड पडला की दुपारी पाने मान टाकतात. दुबार पेरणीची पाळी आधी येते ती अशाच वावरात.

म्हणूनच इथली जुनी पिके बाजरी, मटकी, कुळीथ, मूग, तीळ ही आहेत. ती कमी दिवसांची आहेत किंवा ताण सोसणारी आहेत. मोकळ्या, हलक्या मातीत भुईमुगाचे झाड शेंगांसकट अलगद उपटून येते. कापूसही आता बरडावर चढला आहे, पण ठिबकशिवाय तो इथे जुगारच ठरतो. ठिबक असले तरी पाणी थोडे थोडे आणि वारंवार द्यावे लागते, एकदम दिलेले मुळांच्या खाली निघून जाते. नत्रखताचेही तसेच, ते हप्त्यांत विभागूनच द्यावे. फळझाडांत सीताफळ आणि बोर इथे मनापासून वाढतात.

झाडांमध्ये अंजन या जमिनीचा खरा राजा. त्याची मुळे खडकाच्या भेगांत शिरून खोलवरचा ओलावा शोधतात आणि त्याचा पाला जनावरांना चारा होतो. सातपुड्याच्या उभ्या उतारांवर सालई, इतरत्र धावडा, खैर, पळस, हिवर. गवतांत पवन्या आणि कुसळी. याच माळांवर ठेलारी आणि धनगर हे मेंढपाळ आपल्या मेंढ्या चारतात. सुगीनंतर शेतांत त्यांच्या मेंढ्या बसवल्या जातात, आणि माळावर चरलेल्या गवताचे लेंडीखत शेताला मिळते.

जमीनमहसुलाच्या नोंदीत असा खडकाळ तुकडा बहुतेकदा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून लिहिला जातो. मात्र नदीकाठच्या विहिरींना मिळणाऱ्या पाण्यातला काही भाग याच ‘खराब’ जमिनीतून मुरलेला असतो. साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या आदिवासींनी १९९०च्या दशकात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून ४०० हेक्टरांहून अधिक जंगल राखले. तिथे झरे पुन्हा वाहते झाले. या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. माळावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीतले चर, खोदणे, दगडी बांध घालणे आणि नाले अडवणे हे उपाय तेच काम करतात : पाण्याला पळू न देता मुरमात उतरायला वेळ देतात.

तलावातला गाळ बरड वावरात टाकण्याची रीत जुनी आहे. २०१७ मध्ये राज्य शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने तिला मोठे रूप दिले. तो गाळ म्हणजे याच उतारांवरून वाहून गेलेली माती. तो टाकून तसाच ठेवला, तर वर कडक पापुद्रा धरतो. वखरून मुरमाड मातीत नीट मिसळला, तर निचरा कायम राहतो आणि ओल चार-पाच दिवस जास्त टिकते.