घोड्याची खरी गोम

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तेव्हा सौद्याआधी जनावराच्या अंगावरचे भोवरे बघतात. शुभ मानला जाणारा देवमण भोवरा आहे का, गोम म्हणजे केसांची लांबट ओळ कुठे वळली आहे, यावर किंमत चढते-उतरते. पुढे शर्यतीत त्याच घोड्याचा पाय मोडला आणि त्याला मारावं लागलं, तर कुणी गोमेला दोष देतो, कुणी म्हणतो, "खड्ड्यात पाय पडला." शवविच्छेदनात यातलं पहिलं कधीच सापडत नाही आणि दुसरं फार क्वचित.

कॅलिफोर्नियात रेसकोर्सवर दगावलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन 1990 पासून नियमाने होतं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. जीवघेण्या फ्रॅक्चरपैकी बहुतेकांत हाड त्याच जागी आधीपासून खराब झालेलं होतं. शर्यतीच्या दिवशी फक्त शेवटचा तुकडा पडला.

हे कसं होतं? भरधाव घोडा ताशी 60 किलोमीटरच्या आसपास जातो. पुढचा पाय एकटा टेकतो त्या क्षणी त्यावर शरीराच्या सुमारे अडीचपट भार येतो. म्हणजे 450 किलोच्या घोड्याच्या एका पायावर अकराशे किलोच्या वर. हा भार झेलतो पायाच्या नळीच्या हाडाखालचा सांधा. पशुवैद्य त्याला फेटलॉक म्हणतात. त्याच्या मागे दोन छोटी हाडं असतात, सिसमॉइड. नाव तिळावरून पडलं आहे, पण घोड्यात ती तिळाएवढी अजिबात नसतात. अस्थिबंधांच्या दोरात ओवलेल्या या हाडांवरच सांध्याची झोळी टांगलेली असते. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांत घातक फ्रॅक्चर सर्वांत जास्त इथेच होतं.

रोजच्या दौडीने हाडात सूक्ष्म भेगा पडतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हाड स्वतःला दुरुस्त करतं. पण दुरुस्तीची पद्धत महामार्गाच्या कामासारखी: आधी खोदायचं, मग भरायचं. अस्थिभक्षक पेशी खराब भाग पोखरून काही आठवड्यांत बोगदे करतात. अस्थिजनक पेशींना तेच बोगदे भरून पक्के करायला काही महिने लागतात. मधल्या काळात हाड सच्छिद्र असतं आणि वाहतूक मात्र बंद झालेली नसते. शिवाय सरावामुळे भोवतालचं हाड दगडासारखं घट्ट होतं. घट्ट आणि पोकळ भाग शेजारी-शेजारी आले की भेग त्या सीमेवरून धावते.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. भार कमी झाला की खोदकामाला जोर येतो. म्हणून दोन-तीन महिने बांधून ठेवलेला घोडा एकदम पूर्ण वेगाला सोडला, तर पहिल्या काही आठवड्यांत दंडाचं हाड मोडण्याचा धोका वाढतो. विश्रांती गरजेचीच आहे, पण परतताना वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो.

शवविच्छेदक सुरी लावण्याआधी पायांचे एक्स-रे काढतो. मग कातडं सोलून सांधा उघडतो, कूर्चा बघतो, मोडलेले तुकडे जुळवतो. ताज्या मोडीची कड धारदार असते. कडेशी खडबडीत नवं हाड दिसलं तर मोड किमान आठवडाभर जुनी आहे, कारण ते एका दिवसात तयार होत नाही. संशयित जागेची पातळ चकती 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये घालतात, नंतर आम्लात कॅल्शियम विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बोगदे बघतात. चकती काढण्याआधी हाड उकळून साफ केलं तर पेशी गेल्या, पुरावा गेला. वेदनाशामकं देऊन लंगडणं झाकलं होतं का, हे रक्त, लघवी आणि डोळ्यातल्या द्रवावरून तपासतात. डोळ्यातला द्रव उशिरा सडतो, म्हणून तो कामाचा.

मोडलेला आणि शाबूत, दोन्ही पाय बघायचे असतात. शाबूत पायात त्याच जागी तसाच विरळ ठिपका सापडला, तर "खड्ड्यात पाय पडला" ही गोष्ट तिथेच संपते. खड्ड्यात पडतो तो एकच पाय.

खान्देशात अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा 44-45 वर असताना मेलेल्या घोड्याच्या मोठ्या आतड्यात आंबण चालूच राहतं, आणि काही तासांत आतले अवयव तपासणीला निकामी होतात. हाडं मात्र टिकतात. पाय धावताना मोडला नसून जनावर अचानक मेलं असेल आणि नाकातून न गोठणारं रक्त येत असेल, तर शव उघडूच नये. तो फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स हा संसर्गजन्य रोग असू शकतो. आधी कानाच्या शिरेतलं रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावं. आणि घोडा पेंटोबार्बिटलचं इंजेक्शन देऊन मारलेला असेल तर शव उघड्यावर टाकू नये, खोल पुरावं. ते खाणारी कुत्री आणि गिधाडंही मरतात.

प्रयोगशाळा लांब असेल आणि मोड गुडघ्याखाली असेल, तर पुढचे दोन्ही पाय गुडघ्याच्या सांध्यातून वेगळे करून, "उजवा", "डावा" अशी चिठ्ठी बांधून बर्फात पाठवावेत. पिशवी घट्ट बांधावी, पाय वितळत्या पाण्यात भिजू देऊ नयेत. सूक्ष्मदर्शकाची तपासणी हवी असेल तर ते गोठवूही नयेत.