जुन्या बोरघाटाने लोणावळा: गाडी ठरवण्यापूर्वी वाचा

ठाणे-कल्याणहून निघणाऱ्या ग्राहकांसाठी ही एका दिवसाची सहल आहे. मार्ग बदलापूर, नेरळ, कर्जत, खोपोली आणि तिथून जुन्या हायवेने खंडाळा-लोणावळा. एक्सप्रेसवे मुद्दाम वगळला आहे. तिथे गाडी थांबवता येत नाही आणि या वाटेवरचं सगळं थांबूनच बघण्यासारखं आहे.

नेरळला माथेरानची छोटी गाडी दिसेल, १९०७ पासूनची. माथेरानही करायचं असेल तर वेगळा दिवस ठेवा. दस्तुरी नाक्यापुढे आमची गाडी जात नाही.

कर्जतला प्लॅटफॉर्म तिकीट काढा. पुण्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी आली की लोक वडापावकडे धावतात, तुम्ही शेवटच्या डब्याकडे जा. मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, हळूच येऊन टेकतात, कपलिंग जोडलं जातं, शिट्ट्यांची देवाणघेवाण होते आणि गाडी हलते. पुढे ३७ फुटांना एक फूट चढण आहे, त्यासाठी हा खटाटोप. हल्ली काही गाड्यांना बँकर लागत नाहीत, त्यामुळे एखादी गाडी चुकली तर पुढचीसाठी थांबा.

खोपोली म्हणजे आज लोकलचं शेवटचं स्टेशन. रेल्वे इथवर १८५६ मध्ये आली, वर खंडाळा-पुणे लाइन १८५८ मध्ये सुरू झाली आणि मधला घाट तसाच राहिला. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावेपर्यंत प्रवासी पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढत. घाटातल्या रेल्वेचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले, तेव्हा कंत्राट त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी पुढे चालवलं. बोगदे खोदताना साथींनी आणि अपघातांनी हजारो मजूर गेले.

खोपोलीतूनच डोंगरावरून उतरणारे जाड पाइप दिसतात. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी त्यांतून पाचशे मीटरहून जास्त खाली वीजघरात येतं. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतलं हे वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, मुंबईच्या गिरण्यांसाठी. आत जायला परवानगी लागते. ती आम्ही काढून देत नाही. रस्त्यावरून बघितलं तरी पुरतं.

घाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि त्यांनीच त्याला मारलं, अशी आख्यायिका आहे. आमचे ड्रायव्हर इथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. ते बिलात लावत नाही!

अमृतांजन पूल दाखवाल का, असं अजूनही विचारलं जातं. १८३० चा तो पूल २०२० मध्ये पाडला. खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशनही १९२९ मध्ये बंद झालं. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने चढायची. वळण घ्यायला डोंगरात जागाच नव्हती.

पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळा, खंडाळ्यात तासन्‌तास अडकाल. घाटातल्या मंकी हिल या रेल्वेच्या थांब्याला रस्ता नाही आणि रुळांवरून चालणं गुन्हा आहे, तेव्हा ड्रायव्हरकडे तसा आग्रह करू नये.