ओतीव नव्हे, ठोकीव: फिलिपिन्सच्या चर्चमधली चांदी

फिलिपिन्सच्या चर्चमधल्या रुपेरी कामाबद्दल मराठीत लिहिलं जातं तेव्हा एक शब्दप्रयोग हमखास येतो: ‘चांदीत ओतलेली वेदी’. तीन शब्द, तीन चुका. ती बहुतेक वेळा वेदी नसते, ओतलेली तर नसतेच, आणि पुष्कळदा चांदीचीही नसते.

वेदीचं चटकन आटपू. वेदीच्या मागे उभी असते ती संतांच्या कोनाड्यांची उंच पडभिंत म्हणजे ‘रेताब्लो’. वेदीच्या दर्शनी बाजूला लावतात तो फलक म्हणजे ‘फ्रोंताल’. प्रभावळीला कोणी चौरंग म्हणत नाही, तेवढीच काळजी इथेही घ्यावी.

ओतकाम आपल्याला माहीत आहे: मेणाचा आकार, त्यावर माती, मेण वितळवून पोकळीत धातू. फिलिपिन्समध्येही ते आहे, पण दक्षिणेला. मिंदानाओ बेटावरच्या तुगाया गावात मरानाओ कारागीर याच पद्धतीने पितळी पात्रं करतात. ते मुसलमान, ख्रिस्ती संतांशी त्यांच्या कामाचा संबंध नाही.

चर्चचं काम वेगळं. त्याला म्हणतात ‘पिनुकपोक’. ‘पुकपोक’ म्हणजे ठोकणं, त्यावरून ‘पिनुकपोक’ म्हणजे ठोकलेलं. (तिथल्या बिकोल भागात अबाका या केळीच्या जातीच्या झाडाच्या धाग्यांच्या, कुटून मऊ केलेल्या कापडालाही हेच नाव आहे, शोधताना कापड समोर आलं तर गोंधळू नका.) पाम्पांगा प्रांतातल्या आपालितचे एदुआर्दो मुतुक यांना 2004 साली ‘मानलिलिखा नांग बायान’ हा राष्ट्रीय सन्मान मिळाला तो अशाच धातुकामासाठी. त्यांची ओळख ‘मूर्ती ओतणारे’ अशी करून देणं म्हणजे शिंप्याला विणकर म्हणणं.

खरी गोम ही: ओतीव वस्तूत धातू म्हणजेच शरीर असतं, ठोकीव कामात धातू ही नुसती कातडी. आत असतं लाकूड. गोव्याच्या देवळांतले चांदीने मढवलेले दरवाजे पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये, पण चर्च म्हटलं की तोच माणूस ‘ओतीव’ म्हणतो.

कातडीच का, तर वजनामुळे. अर्धा मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर तांब्याचा पत्रा साडेचार किलोच्या आसपास भरतो. तेवढाच फलक चार मिलिमीटर जाडीचा ओतला तर छत्तीस किलो. हे काम रेताब्लोला तर लागतंच, शिवाय ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात संतांच्या मूर्ती मिरवणाऱ्या ‘कारोसा’ नावाच्या गाड्यांनाही. तिथे छत्तीस किलोचे फलक जडवले तर मिरवणूक दारातच संपेल.

अशा उठावकामाची रीत साधारण अशी. नक्षी कागदावरून पत्र्यावर उतरवायची. पत्रा राळेच्या थरावर बसवायचा. राळेत विटेची भुकटी आणि थोडं तेल. समोरून बोथट छिन्नीने रेषा आखायच्या, मग पत्रा उलटा करून मागून फुगवटा उठवायचा, मागचे खळगे राळेने भरून पुन्हा सुलटा करायचा आणि समोरून पाकळीची शीर, वस्त्राची चुणी काढायची. हे खळगे भरायचा कंटाळा केला की समोरचा पहिलाच घाव उठाव आत बसवतो. राळ फार कडक असली तर पत्रा ताणला न जाता तडकतो; फार मऊ असली तर सगळाच खाली बसतो, रेषेला धार येत नाही. राळ उकळू दिली की तिच्यात बुडबुडे राहतात, आणि नेमक्या त्या जागी छिन्नी आरपार जाते.

ठोकून पत्रा कडक होतो. मग राळेतून काढायचा, मंद लाल होईपर्यंत तापवायचा, साफ करायचा, परत बसवायचा. हा फेरा उठाव जितका उंच तितक्या वेळा. तापवणं सावलीत करावं, उन्हात तो मंद लाल रंग दिसत नाही. घाई करणाऱ्याचं काम फाटतं ते नेहमी सर्वांत उंच जागी, म्हणजे नाकाच्या शेंड्यावर किंवा गुडघ्यावर, कारण ताणून तिथेच पत्रा सर्वांत पातळ झालेला असतो. मागून तुकडा झाळून ते लपवता येतं, पण जाणकार बोट तिथेच ठेवतो.

आणखी एक, खास मराठी गोंधळ: ‘म्हणजे आपल्या तांबटांचं मठारकामच ना?’ नाही. मठारकामात हातोडी थेट भांड्यावर पडते आणि तिच्या खुणा हीच शोभा. इथे घाव छिन्नीवर पडतो. हातोडीची स्वतःची खूण पत्र्यावर उमटली तर काम बिघडलं.

ओळखायचं असेल तर मागची बाजू पाहा. पुढे उंचवटा तिथे मागे खळगा असला तर ठोकीव. लाकडावर बसवलेलं असेल तर कडेचे बारीक खिळे आणि पत्र्यांचे सांधे शोधा. सगळी फुलं तंतोतंत सारखी असतील तर यंत्राच्या साच्याने दाबलेला पत्रा. त्याला पिनुकपोक म्हणून विकणाऱ्याकडून मी खिळाही घेणार नाही.

राहिली चांदी. मेक्सिकोची चांदी आकापुल्कोहून गलबतांनी 1815 पर्यंत मनिलात येत होती, आणि विजेने मुलामा देण्याचं पेटंट इंग्लंडात एल्किंग्टन यांनी 1840 साली घेतलं. त्यामुळे त्याआधीचा फ्रोंताल चांदीच्या पत्र्याचा असणं स्वाभाविक आहे. आजच्या कामात पत्रा बहुधा तांब्याचा किंवा पितळेचा आणि वर चांदीचा मुलामा. यात फसवणूक काही नाही, फक्त जपायची रीत बदलते. निव्वळ चांदी काळी पडते, पण घासल्यावर खालून चांदीच निघते. मुलामा दिलेलं काम रांगोळीने किंवा चिंचेने घासलंत, तर आधी नाकाचा शेंडा तांबडा दिसू लागेल.