रोगभ्रम

आपल्याला एखादा गंभीर आजार झाला आहे किंवा होणार आहे, ही तपासण्या निर्दोष येऊनही न हटणारी भीती म्हणजे रोगभ्रम. हायपोकॉन्ड्रिया या वैद्यकीय संज्ञेसाठी मराठीत हा शब्द वापरतात. तो पुरेसा न्याय्य नाही. ‘भ्रम’ म्हटले की दुखणेच खोटे, असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात छातीत धडधडते ते खरेच धडधडते, हाताला मुंग्या येतात त्याही खऱ्या. चुकतो तो त्यांचा लावलेला अर्थ. शाळा बुडवायला पोटदुखी काढणाऱ्या मुलाला आपण खोटे बोलतोय हे ठाऊक असते. रोगभ्रमाचा माणूस मनापासून घाबरलेला असतो. आपली भीती अवास्तव असावी, हे त्यातल्या अनेकांना चांगले उमगलेले असते, तरी ती जात नाही. ‘कळतं पण वळत नाही’ हा एरवीचा टोमणा इथे लक्षणाचे नेमके वर्णन आहे.

मूळ शब्द ग्रीक आहे: ‘हायपो’ म्हणजे खाली आणि ‘खोन्ड्रोस’ म्हणजे कूर्चा. बरगड्यांच्या कूर्चेखालचा पोटाचा भाग, उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा, असा त्याचा अर्थ. शरीररचनाशास्त्रात तो आजही याच अर्थाने वापरतात. उदासी आणि तिच्यासोबतची पोटाची दुखणी याच भागातून उद्भवतात, असे जुने युरोपीय वैद्य मानत. रॉबर्ट बर्टनने 1621 साली उदासीनतेवर लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात हायपोकॉन्ड्रिया हा तिचा एक प्रकार म्हणून येतो. पुढे पोटाचा संदर्भ गळत गेला आणि भीती तेवढी उरली.

2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीतून हे नाव काढून टाकले. ते हेटाळणीचे झाले होते, हे त्यामागचे एक कारण. त्याऐवजी दोन निदाने आली. शरीराला जाणवणारी त्रासदायक लक्षणे आणि त्यांची अतोनात काळजी असेल तर एक; लक्षणे नगण्य, पण आजाराची चिंता किमान सहा महिने ठाण मांडून असेल तर दुसरे, आजारचिंता विकार. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात जुने नाव ठेवले आणि त्याला मंत्रचळाच्या म्हणजे ओसीडीच्या शेजारी बसवले. ही जागा योग्य वाटते. हात पुन्हा पुन्हा धुणे आणि गाठ पुन्हा पुन्हा चाचपणे, दोन्हींतून मिळणारा दिलासा सारखाच अल्पजीवी असतो.

हे चक्र 1980 च्या दशकात पॉल सॅल्कॉव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश अभ्यासकांनी स्पष्ट मांडले. भीतीमुळे लक्ष शरीराकडे जाते, लक्ष गेले की एरवी न जाणवणाऱ्या गोष्टी जाणवू लागतात, आणि त्या भीतीला पुरावा पुरवतात. रात्री दीड वाजता न्हाणीघराच्या आरशासमोर मोबाईलची बॅटरी लावून, जीभ बाहेर ओढून बघणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा. जिभेच्या अगदी मागे मोठ्या दाण्यांची एक ओळ दिसते. ती प्रत्येकाच्याच जिभेवर असते, पण एवढे निरखून कोणी बघत नाही. तंबाखू-गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग झालेला माणूस जवळून पाहिलेला असेल, तर ही भीती हवेतून आलेली नसते. मग बोटे मानेकडे जातात, वाटाण्याएवढी गाठ सापडते. दिवसातून चाळीस वेळा दाबल्यावर ती दुखू लागते, आणि दुखते हा नवा पुरावा ठरतो. काहींना छातीच्या मधोमध, पोट सुरू होते तिथे, एक टणक टोक लागते. ते छातीच्या हाडाचे खालचे टोक असते, तरुणपणी बरेचसे कूर्चेचे. ज्या कूर्चेवरून विकाराला नाव मिळाले तिच्याच शेजारी, आजही कुणाचे तरी बोट घाबरून थांबते. काळजाचा ठोका चुकणे हेही असेच. चोवीस तासांची नोंद घेतली तर बहुतेक निरोगी हृदयांत अधूनमधून एखादा अवेळी ठोका सापडतो.

तपासण्यांनी प्रश्न सुटेल असे वाटते, पण त्यांचे गणित उलटे आहे. रक्ततपासणीची ‘नॉर्मल’ मर्यादा साधारणपणे निरोगी लोकांपैकी मधल्या 95 टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे दर तपासणीत वीस निरोगी माणसांपैकी एक मर्यादेबाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता 64 टक्के असते. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये साठ-सत्तर आकडे असतात. रिपोर्ट मोबाईलवर येतो, ठळक आकडा डॉक्टरांच्या आधी इंटरनेटला दाखवला जातो, आणि तिथे साध्या डोकेदुखीपासून मेंदूतल्या गाठीपर्यंतचे अंतर दोन-तीन टिचक्यांचे आहे. या सवयीला आता सायबरकॉन्ड्रिया म्हणतात. करोनाच्या काळात ऑक्सिमीटर घराघरांत आला आणि 94 हा आकडा पोराबाळांनाही पाठ झाला. बोट गार असले किंवा नखाला रंग असला तरी आकडा खाली येऊ शकतो, हे मात्र फार थोड्यांना कोणी सांगितले.

याच विकाराचा एक प्रकार सहसा ओळखूच येत नाही. ही माणसे डॉक्टरकडे जातच नाहीत. रिपोर्टचे पाकीट फोडत नाहीत, दवाखान्याचा रस्ता टाळतात, कुणाच्या आजारपणाचा विषय निघाला की उठून जातात. घरचे त्यांना खंबीर समजतात.

भारतीय उपखंडात या भीतीचे एक स्थानिक रूप आहे. वीर्य गेल्याने शक्ती जाते या समजुतीतून थकवा, अंगदुखी आणि चिंता घेऊन येणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला डॉ. नरेंद्र विग यांनी 1960 साली धात सिंड्रोम हे नाव दिले. ‘गुप्तरोगा’वर हमखास उपचाराच्या भिंतींवरच्या जाहिराती याच भीतीवर जगतात.

रोगभ्रमाच्या माणसाला खरा आजार होत नाही, असे मुळीच नाही. 1673 साली पॅरिसमध्ये मोल्येर हा नाटककार स्वतःच्याच नाटकात आजारांच्या कल्पनेने पछाडलेल्या माणसाची भूमिका करत होता. चौथ्या प्रयोगात त्याला रंगमंचावर त्रास झाला, प्रयोग त्याने रेटून पूर्ण केला आणि त्याच रात्री तो गेला. त्याचा स्वतःचा आजार खरा होता. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात, हे निदान झालेल्या सुमारे 4,100 जणांमध्ये इतरांपेक्षा मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. आत्महत्येचा धोका तर सुमारे चौपट होता. ‘मनाचे खेळ’ म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. नवे लक्षण आले तर ते नीट तपासलेच पाहिजे. म्हणूनच दर वेळी नवा तज्ज्ञ शोधण्यापेक्षा एकच फॅमिली डॉक्टर असावा, आणि त्रास असो वा नसो, ठरलेल्या तारखेला त्याच्याकडे जावे, असा सल्ला देतात.

घरच्यांची फरपट मोठी असते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण सोसून सोसून ते रुग्णाला ऐकवतात, किंवा मग दर तासाला ‘काही झालेलं नाही गं तुला’ अशी हमी देत राहतात. टर उडवली की माणूस एकटा पडतो. हमी दिली की घटकाभर बरे वाटते, आणि पुढची हमी आणखी लवकर लागते. त्यापेक्षा शांत वेळी दोघांनी ठरवून घेतलेले वाक्य उपयोगी पडते: ‘भीती वाटतेय ना, मी बसते जवळ. पण गाठ बघणार नाही.’

उपचारांत बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे बोलण्यातून आणि सरावातून विचार व वागणे बदलण्याच्या पद्धतीचा (सीबीटी) पुरावा सर्वांत भक्कम आहे. गरजेप्रमाणे फ्लुऑक्सेटिनसारखी औषधेही देतात. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत 444 जणांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोजकी सत्रे पुरली आणि गुण दोन वर्षांनंतरही टिकून होता. ती सत्रे मुरलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांनी घेतली होती. महाराष्ट्रात याच कुळातली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. उपचारातला पहिला गृहपाठ बहुधा साधा असतो. वहीत लक्षणे लिहायची नाहीत. आज गाठ किती वेळा चाचपली तेवढेच लिहायचे. मग चाचपण्याची हुक्की आली की आधी दहा मिनिटे थांबायचे, पुढच्या आठवड्यात अर्धा तास, नंतर संध्याकाळपर्यंत.