माझदाची पार्श्वभूमी : स्वतंत्र राहण्यासाठी घेतलेलं इंजिन

१९६१ साली जपानच्या व्यापार-उद्योग मंत्रालयाने देशातल्या मोटार कंपन्यांना तीन गटांत बसवण्याचा आराखडा मांडला. परदेशी गाड्यांना बाजार खुला होण्याआधी मोजक्या बलाढ्य कंपन्या उभ्या राहाव्यात आणि लहान कंपन्यांनी मोठ्यांत विलीन व्हावं किंवा नेमून दिलेल्या छोट्या गाड्यांपुरतं राहावं, असा त्यामागचा विचार होता. हिरोशिमाची तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, लहानांमध्ये मोडत होती. तिचा मुख्य धंदा तीनचाकी मालवाहू गाड्यांचा. आर३६० ही तिची पहिली छोटी मोटार १९६० मध्येच आली होती.

त्याच सुमारास कंपनीचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी जर्मनीच्या एनएसयू या मोटार कंपनीकडून वांकेल रोटरी इंजिनाचे हक्क घेतले. आज रोटरीकडे माझदाची हौस, तिचं वेड म्हणून पाहिलं जातं. मुळात तो धंद्याचा निर्णय होता. दुसऱ्या कोणाकडे नसलेलं तंत्र हाती असेल, तर आपल्याला कोणाच्या पदरात टाकणं सोपं जाणार नाही, हा मात्सुदांचा हिशेब. माझदाचा नावलौकिक आणि तिची बदनामी, दोन्हींची मुळं या हिशेबात आहेत.

मोटारींच्या आधी

कंपनी स्थापन झाली ३० जानेवारी १९२० रोजी, बुचाचा माल बनवण्यासाठी. तोयो कॉर्क कोग्यो हे तिचं पहिलं नाव. त्सुनेजींचे वडील जुजिरो मात्सुदा १९२१ मध्ये अध्यक्ष झाले. बुचाच्या धंद्यात पुढे काही नाही हे ओळखून त्यांनी कंपनी यंत्रांकडे वळवली. १९२७ मध्ये नावातून कॉर्क गेलं, १९२९ मध्ये मशीन टूल्स सुरू झाली आणि १९३१ मध्ये 'माझदा-गो' ही तीनचाकी मालगाडी बाहेर पडली. माझदा हे नाव मात्सुदा आडनावाशी जुळणारं, आणि कंपनीच्याच सांगण्यानुसार पारशी धर्मातल्या अहुर मझ्दावरून घेतलेलं.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर, फुचूमध्ये होता आणि मध्ये हिजियामा टेकडी आडवी होती. त्यामुळे इमारती बऱ्याच अंशी वाचल्या. शहरात कामाला गेलेले कंपनीचे अनेक लोक मात्र परतले नाहीत. प्रशासनाच्या इमारती उद्ध्वस्त झाल्याने प्रांताची सरकारी कार्यालयं या कारखान्यात हलवावी लागली. तरीही डिसेंबर १९४५ मध्ये तीनचाकी गाड्या पुन्हा बनू लागल्या. उद्ध्वस्त शहरात माल हलवायला दुसरं साधन नव्हतं. हिरोशिमा आणि माझदा यांचं नातं इतकं घट्ट का, याचं उत्तर त्या महिन्यांत आहे.

रोटरी : भूमिती आणि तिची किंमत

रोटरीत पिस्टन, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट यांतलं काहीच नसतं. लंबगोल, कंबरेत किंचित दबलेल्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, तीन कोपऱ्यांचा रोटर फिरतो. रोटरची एक फेरी होते तेव्हा ताकद बाहेर नेणाऱ्या एक्सेंट्रिक शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात. रोटरच्या तिन्ही बाजूंवर सक्शन, कॉम्प्रेशन, ज्वलन आणि एक्झॉस्ट सतत चालू असतं, म्हणून शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरमागे एक ताकदीचा झटका मिळतो. इंजिन लहान, हलकं आणि फिरायला अतिशय मऊ.

सीसीचा हिशेब रोटरची त्रिज्या, शाफ्टची एक्सेंट्रिसिटी (रोटरचं केंद्र शाफ्टच्या केंद्रापासून किती सरकलेलं आहे) आणि रोटरची रुंदी या तीन मापांवर ठरतो. माझदाने बहुतेक इंजिनांत त्रिज्या १०५ मिमी आणि एक्सेंट्रिसिटी १५ मिमी कायम ठेवली, फक्त रुंदी वाढवत नेली. ६० मिमीला ४९१ सीसीचं १०ए, ७० मिमीला ५७३ सीसीचं १२ए, ८० मिमीला ६५४ सीसीचं १३बी. हे आकडे एका रोटरचे, इंजिनात असे दोन. १३बी म्हणून १३०८ सीसीचं. मशिनिंगची मूळ मापं तीच राहिली, म्हणून लहान कंपनीला हे परवडलं.

खरा झगडा सीलचा होता. रोटरच्या प्रत्येक टोकाला एक अपेक्स सील, म्हणजे कक्षातला वायू कोंडून ठेवणारी पट्टी, असतो. तो हाउसिंगच्या भिंतीला स्प्रिंगने आणि वायूच्या दाबाने चिकटून घासत जातो. सुरुवातीच्या इंजिनांत भिंतीवर ओरखड्यांच्या आडव्या लाटा उठायच्या. माझदाचे इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. सील आपल्याच कंपनसंख्येला थरथरत पुढे जात होता, हे त्याचं कारण. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली वेगळा रोटरी विभाग निघाला, सुरुवातीला ४७ इंजिनिअरांचा. धातूच्या सीलला आडवी-उभी भोकं पाडून कंपनसंख्या बदलली की खुणा उठत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. प्रत्यक्ष गाडीत मात्र कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेला सील गेला.

आणखी दोन निर्णय तितकेच महत्त्वाचे. एनएसयूने हवेचं तोंड हाउसिंगच्या परिघावर ठेवलं होतं, माझदाने ते बाजूच्या प्लेटवर नेलं. त्यामुळे कमी आरपीएमला इंजिन हिसके न देता चालू लागलं. दुसरं म्हणजे ज्वलनकक्ष लांबट असल्याने एका रोटरला दोन स्पार्क प्लग दिले : खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग.

३० मे १९६७ रोजी कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली : ९८२ सीसी, ११० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर). त्याच वर्षी एनएसयूने रो ८० काढली. तिचे सील इतक्या लवकर गेले की वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी खंगली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. माझदाने मात्र १९६८ मध्ये नुर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरवल्या आणि त्यांतली एक चौथी आली. ज्या कंपनीकडून तंत्र घेतलं ती बुडाली आणि घेणारी टिकली, हे पुढे माझदाच्या लौकिकाचं मोठं भांडवल झालं.

त्यानंतर कंपनीने रोटरी सगळीकडे बसवली : फामिलिया, कापेला, सव्हाना, लुचे. अमेरिकेचे प्रदूषणाचे कडक नियमही थर्मल रिॲक्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला न जळलेला वायू जाळणारा कक्ष, लावून पाळले. यात एक मेख होती. रिॲक्टर तापलेला राहण्यासाठी मिश्रण मुद्दाम पेट्रोलने जड ठेवावं लागे. लांबट, चपट्या कक्षात उष्णता भिंतींत वाया जातेच, त्यात ही भर. १९७३ च्या तेलसंकटात ॲव्हरेजचे आकडे छापून आले आणि अमेरिकेतली विक्री कोसळली. सुमितोमो बँकेने कंपनीची सूत्रं हाती घेतली आणि कारखान्यातले कामगार गाड्या विकायला शोरूममध्ये पाठवले गेले. १९७९ मध्ये फोर्डने सुमारे एक चतुर्थांश हिस्सा घेतला. ज्या स्वातंत्र्यासाठी रोटरी घेतली, ते रोटरीपायीच अर्धं गेलं.

शहाणपणाचा मार्ग म्हणजे रोटरी सोडणं. पण माझदाने तिचा वापर फक्त जिथे ती शोभते तिथे, स्पोर्ट्स कारमध्ये, मर्यादित केला आणि १९७८ मध्ये आरएक्स-७ काढली. घरगुती गाड्या पिस्टनवर गेल्या. १९८० ची फामिलिया, परदेशातली ३२३, जपानच्या पहिल्या 'कार ऑफ द इयर'ची मानकरी ठरली आणि कंपनीचं पोट तिने भरलं.

२३ जून १९९१ रोजी फ्रान्समधल्या ल मॉं येथे, २४ तासांच्या शर्यतीत, माझदाची ७८७बी ही रोटरी गाडी जिंकली. ल मॉं जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. चार रोटर, २६१६ सीसी, सुमारे ७०० पीएस, सिरॅमिकचे अपेक्स सील, प्रत्येक रोटरला तीन प्लग. चालक होते फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रांड गाशो. अंतर ३६२ फेऱ्या. या विजयाबद्दल बोलताना एक गोष्ट सहसा गाळली जाते : नियमांनुसार माझदाला ८३० किलोवर धावता आलं, तर जॅग्वार-मर्सिडीजच्या गाड्या त्याहून बऱ्याच जड होत्या. हलकी गाडी कमी पेट्रोल पिते, टायर-ब्रेक कमी झिजवते. विजय खराच आहे, पण तो इंजिनाइतकाच वजनाच्या वाटाघाटीचाही आहे.

रोटरी गाड्या कशाने मरतात

'रोटरी टिकत नाही' हे वाक्य अर्धवट आहे. पिस्टन इंजिनासारखी वापरली तर ती टिकत नाही.

ऑइल जाळणं हा तिचा दोष नसून रचना आहे. सीलना वंगण मिळावं म्हणून मीटरिंग पंप थोडं इंजिन ऑइल थेट कक्षात सोडतो. दोन-तीन हजार किलोमीटरला एक लिटर संपलं तर घाबरण्याचं कारण नाही, पण दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघितली नाही तर इंजिन जातं. अनेक जण पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइलही मिसळतात, साधारण लिटरला ५ मिली.

२००३ ची आरएक्स-८ बदनाम झाली ती तीन कारणांनी. पहिलं, फ्लडिंग. थंड इंजिन चालू करून गाडी पार्किंगमधून दहा फूट हलवायची आणि लगेच बंद करायची, हे तिला चालत नाही. जड मिश्रणाने भिंतीवरची ऑइलची फिल्म धुऊन निघते, कॉम्प्रेशन पडतं आणि पुढच्या वेळी ती चालूच होत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, म्हणजे इंजेक्टर बंद राहतात आणि साचलेलं पेट्रोल बाहेर फेकलं जातं. तरीही जमलं नाही तर प्लग काढून वाळवायचे. बसवताना लीडिंग आणि ट्रेलिंगची अदलाबदल होऊ द्यायची नाही.

दुसरं, इग्निशन कॉइल. त्या साधारण ५० हजार किलोमीटरच्या आसपास अशक्त होतात. मिसफायर झालं की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, कन्व्हर्टर वितळून तुंबतो, एक्झॉस्ट मागे अडतो आणि वाढलेली उष्णता सील खाते. कॉइल वेळेवर बदलली असती तर वाचली असती अशी कितीतरी इंजिनं भंगारात गेली.

तिसरं, सीलना ऑइल कमी. आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनात एक्झॉस्टची तोंडंही बाजूच्या प्लेटवर नेली, त्याने प्रदूषण कमी झालं. पण सुरुवातीच्या इंजिनांत प्रत्येक रोटरला ऑइलचे दोनच नोझल होते. २००९ च्या सुधारित मॉडेलपासून ते तीन झाले.

जुनी आरएक्स-८ घेताना कॉम्प्रेशन टेस्ट रोटरीच्याच टेस्टरने करून घ्यावी. साधा गेज तीन बाजूंतला सर्वांत मोठा आकडा दाखवतो, त्यामुळे एक सील गेलेला असला तरी कळत नाही. २५० आरपीएमला ८३० किलोपास्कल हे प्रमाण, ६८० ही खालची मर्यादा. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १५० पेक्षा जास्त फरक नको. गरम इंजिन बंद करून लगेच पुन्हा चालू करून बघणं ही रस्त्यावरची सोपी परीक्षा : ओढून ओढून सुरू झालं तर सील थकलेत.

त्याआधीच्या ट्विन-टर्बो आरएक्स-७ चं दुखणं वेगळं. तिथे उष्णतेने व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या कडक होतात आणि कूलंटची प्लॅस्टिकची छोटी टाकी तडकते. इंजिनात लोखंडी प्लेटा आणि ॲल्युमिनियम हाउसिंग एकाआड एक लांब बोल्टांनी आवळलेली असतात, दोन्हींचं प्रसरण वेगळं. म्हणून एकदा जरी ती जोरात तापली तरी पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या, ओ-रिंग, जातात. सकाळी चालू करताना पांढरा धूर आणि कूलंट कमी होत जाणं ही त्याची खूण.

पिस्टनवर कमावलेलं नाव

माझदाचा आजचा चांगला लौकिक मात्र रोटरीचा नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोत दाखवलेली एमएक्स-५ ही दोन माणसांची, उघड्या टपाची, सुमारे ९४० किलोची साधी गाडी. २०१६ मध्ये तिच्या दहा लाख गाड्या बनून झाल्या. पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं टोक बारीक होतं, पुलीचा बोल्ट सैल बसला तर पुली जागेवर धरणारी धातूची चावी आणि तिची खाच झिजून टायमिंग बिघडतं. आणि टपाच्या पाण्याची भोकं तुंबली की दारांखालचे पत्र्याचे पट्टे आतून गंजतात.

गंज हा माझदाच्या नावाला लागलेला खरा डाग. २००२-०३ नंतरच्या माझदा ६ आणि माझदा ३ मध्ये मागच्या चाकांवरच्या कमानी थंड देशांत, रस्त्यावर मीठ टाकतात तिथे, सर्रास कुजल्या.

२०१२ च्या सीएक्स-५ पासून स्कायॲक्टिव्ह हे माझदाचं नवं इंजिन-तंत्र आलं. पेट्रोल आणि डिझेल दोन्हींचं कॉम्प्रेशन १४:१. पेट्रोलला ते फार जास्त, म्हणून नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं) टाळायला ४-२-१ लांब एक्झॉस्ट, म्हणजे चार नळ्या आधी दोन आणि मग एक होणारा. डिझेलला फार कमी, त्यामुळे ब्लॉक हलका झाला. त्या डिझेलवर शहरात छोटे फेरे मारले की काजळीचा फिल्टर साफ करायला सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वर चढते. डिपस्टिकवर X खूण आहे, तिथे पोचलं की ऑइल लगेच बदलायचं.

फोर्डचा हिस्सा १९९६ मध्ये ३३.४ टक्क्यांवर गेला होता. २००८ च्या मंदीत तो विकायला सुरुवात झाली आणि २०१५ पर्यंत संपला. २०१७ मध्ये टोयोटाने सुमारे पाच टक्के घेतले. आपल्याकडे माझदाच्या मोटारी आल्या नाहीत, नाव पोचलं ते शाळेच्या बसवर : १९८३ मध्ये स्थापन झालेल्या पंजाबातल्या स्वराज माझदामुळे. ती २०११ मध्ये एसएमएल इसुझू झाली आणि २०२५ मध्ये मुंबईच्या महिंद्राकडे गेली.

आरएक्स-८ बंद झाली २०१२ मध्ये. २०२३ मध्ये रोटरी परतली ती चाकं फिरवायला नव्हे, तर एमएक्स-३० मध्ये बॅटरी चार्ज करणारा जनरेटर म्हणून. एकच रोटर, ८३० सीसी, ७५ पीएस. त्रिज्या आता १२० मिमी, एक्सेंट्रिसिटी १७.५ मिमी, म्हणजे १०ए ते १३बीची जुनी मापं सोडली. आणि अपेक्स सील २ मिमीऐवजी २.५ मिमी जाड केला.